आय-पिल घेतली, पाळी पुढे गेली: आता काय करायचं?

तातडीची गर्भनिरोधक गोळी घेऊन झाली. आठवडा बरा गेला. मग पाळीची तारीख आली, गेली, आणि आता दर तासाला बाथरूमची फेरी चालू आहे. छाती जरा दुखली की भीती, ओटीपोटात कळ आली की आशा. मी औषधाच्या दुकानात काउंटरवर बसते. या अवस्थेतल्या मुली, बायका आणि त्यांच्यासाठी चौकशी करायला आलेले घाबरलेले मुलगे यांचा प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, आता काही राहिलं असेल का?"

लक्षणांवरून याचं उत्तर कुणालाच देता येत नाही. मळमळ, डोकं दुखणं, थकवा, छाती जड होणं हे सगळं गोळीनेही होतं, पाळी यायच्या आधीही होतं आणि दिवस गेल्यावरही होतं. उत्तर मिळतं चाचणीतून, आणि चाचणी योग्य दिवशी केली तरच. म्हणून आधी तो दिवस काढू.

तीन तारखा लिहून काढा

मोबाईलमध्ये नको असेल तर कागदावर लिहा. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस कोणता होता? विनासंरक्षण संबंध कधी आला (किंवा कंडोम कधी फाटला)? आणि गोळी कधी घेतली? पाळीचा पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू झाला तो दिवस, आदल्या दिवशीचा डाग धरायचा नाही.

समजा, पाळी १ जूनला आली होती आणि तुमचं चक्र साधारण २८ दिवसांचं आहे. मग पुढची पाळी २९ जूनच्या आसपास अपेक्षित. संबंध १२ जूनच्या रात्री आला, गोळी १३ जूनला सकाळी घेतली. आता १२ जूनपासून २१ दिवस पुढे मोजा: ३ जुलै. तुमचा चाचणीचा पक्का दिवस हाच. ३ जुलैला सकाळी केलेली चाचणी निगेटिव्ह आली, तर १२ जूनच्या संबंधातून गर्भ राहिलेला नाही असं धरून चालता येतं.

हे २१ दिवस कुठून आले? शुक्रजंतू शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. नंतर बीज बाहेर पडणं, फलन, आणि तो गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजणं, यात आणखी एक-दीड आठवडा जातो. रुजल्यानंतरच एचसीजी हे संप्रेरक तयार होऊ लागतं आणि लघवीत सापडण्याइतकं वाढायला आणखी काही दिवस घेतं. किट शोधते ती एचसीजीच. त्यामुळे २० जूनला घाबरून केलेली चाचणी निगेटिव्ह आली तरी त्यातून काहीही कळलं नाही, फक्त किटचे पैसे गेले.

एक अट मात्र आहे. गोळीनंतर त्याच महिन्यात पुन्हा विनासंरक्षण संबंध आला असेल तर २१ दिवस त्या शेवटच्या संबंधापासून मोजायचे. हे लोक हमखास विसरतात. गोळी घेतली म्हणजे तो महिना सुरक्षित झाला, असं नसतं. उलट तिने बीज बाहेर पडणं पुढे ढकललेलं असतं, म्हणजे ते नंतर कधीतरी बाहेर पडणारच असतं. त्या वेळी संरक्षण नसेल तर दिवस राहू शकतात, आणि दोष मात्र गोळीच्या माथी येतो.

पाळी पुढे का जाते

आपल्याकडे दुकानात मिळणारी आय-पिल किंवा अनवॉन्टेड-७२ म्हणजे लेव्होनॉरजेस्ट्रेल या संप्रेरकाची १.५ मिलिग्रॅमची एक गोळी. भारतात २००५ पासून ती चिठ्ठीशिवाय मिळते. अंडाशयातून बीज बाहेर पडणं थांबवायचं किंवा लांबवायचं, हे तिचं काम. बीज आधीच बाहेर पडलं असेल तर तिचा फारसा उपयोग होत नाही, आणि गर्भ रुजलेला असेल तर ती त्याला काही करत नाही. तिने गर्भपात होत नाही. त्यामुळे "गोळी घेतलीय, असलं तरी पडून जाईल" या भरवशावर राहू नका.

आता बीजच जर पाच-सहा दिवस उशिरा बाहेर पडलं, तर पाळीही तितकीच उशिरा येणार. यात बिघडलेलं काहीच नाही, गोळीने आपलं काम केलं एवढाच अर्थ. गोळी चक्राच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत घेतली असेल तर पाळी लवकर येण्याकडेही कल असतो. बहुतेकींची पाळी ठरल्या तारखेच्या आगेमागे सात दिवसांत येते. सात दिवस उलटून गेले तर चाचणी करायची, हा सर्वसाधारण नियम. वरच्या उदाहरणात सात दिवस ६ जुलैला संपतात, पण ३ तारखेलाच उत्तर मिळत असेल तर आणखी तीन रात्री जागून काढायचं काही कारण नाही.

दुकानात एक गोष्ट वारंवार बघते. कित्येक जणींनी गोळी घेतलेली असते ती जिथे धोका नव्हताच अशा प्रसंगानंतर: कपडे अंगावर असताना, नुसतं हाताने, किंवा कंडोम शाबूत असताना "उगाच खात्रीसाठी". अशाने गर्भ राहत नाही. गोळीने पाळी मात्र पुढे जाते, आणि मग त्या पुढे गेलेल्या पाळीचीच भीती वाटू लागते.

मधेच डाग दिसले तर

गोळी घेतल्यावर काही दिवसांत थोडा रक्तस्राव होऊ शकतो. कुणाला दोन दिवस तपकिरी डाग, कुणाला तीन-चार दिवस पॅड लागेल इतका. हा गोळीतल्या संप्रेरकाचा परिणाम. यावर दोन टोकांचे अर्थ लावले जातात. पहिला, "चला, पाळी आली, सुटले." दुसरा, "हे गर्भ रुजतानाचं रक्त आहे, इंटरनेटवर वाचलं." दोन्ही सोडून द्या. गोळीनंतर पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात आलेला असा स्राव पाळी म्हणून मोजू नका आणि तो आला नाही म्हणून गोळी फुकट गेली असंही समजू नका. कित्येकींना मधे एक थेंबही दिसत नाही आणि पाळी वेळेवर येते.

मग खरी पाळी ओळखायची कशी? ठरल्या तारखेच्या जवळपास आली, नेहमीइतके दिवस टिकली, नेहमीसारखं जाणं झालं, तर ती पाळी. नेहमीपेक्षा खूपच कमी गेलं, एका दिवसात थांबलं, किंवा तारखेचा काही मेळ बसत नसेल, तर २१ दिवसांनी चाचणी करून शंका फेडून घ्या.

तुमच्या बाबतीत गोळी कमी पडली असेल का

गोळी घेणाऱ्या शंभरजणींपैकी साधारण एक-दोघींना तरीही दिवस राहतात. शक्यता कमी आहे, पण शून्य नाही. ती वाढते कशाने, हे बघून ठेवा.

वेळ सगळ्यात महत्त्वाची. मुदत ७२ तासांची, पण पहिल्या १२ तासांत घेतलेली गोळी आणि ७० व्या तासाला घेतलेली गोळी सारख्या नसतात. जितकी लवकर तितकी चांगली. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली असेल तर ती अंगात पुरती उतरलेली नसते आणि दुसरी घ्यावी लागते. चार-पाच तासांनी उलटी झाली असेल तर काळजी नाही.

दुसरी गोष्ट औषधांची, आणि ही कुणी विचारत नाही. टीबीच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन, फिट्सवरची फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिन, एचआयव्हीवरचं इफाव्हिरेन्झ ही औषधं गोळीचा असर कमी करतात. सर्दी-तापाला दिलेल्या साध्या अँटिबायोटिकने तसं होत नाही. वजन ७० किलोंच्या वर असेल तरीही गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. यातलं काही तुम्हाला लागू असेल आणि संबंध येऊन अजून पाच दिवस झाले नसतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन कॉपर-टी (गर्भाशयात बसवायचं तांब्याचं साधन) बसवून घेता येते. तातडीच्या उपायांत सगळ्यांत खात्रीचा उपाय तोच, हे आपल्याकडे फार थोड्या जणींना माहीत असतं.

परदेशात शिकायला किंवा नोकरीला असलेल्यांनी पाकिटावरचं नाव वाचा. युरोप-अमेरिकेत युलिप्रिस्टल ही १२० तासांपर्यंत चालणारी वेगळी गोळी मिळते. तिच्यानेही पाळी पुढे जाते, चाचणीचा हिशोबही तोच. पण ती घेतल्यावर रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या पाच दिवस सुरू करायच्या नाहीत.

चाचणी नीट कशी करायची

किट कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. काउंटरवर चारचौघांत मागायचा संकोच वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या किंवा मोबाईलवर नाव दाखवा. आम्ही रोज पाहतो, कुणी वळून बघत नाही. बघणारा कुणी भेटलाच तर पुढचं दुकान गाठा. गावात असाल तर आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात "निश्चय" नावाची सरकारी किट मोफत मिळते. अर्थात आशाताई शेजारच्याच गल्लीतल्या असतील तर तुम्हाला तालुक्याचं मेडिकल बरं वाटेल, तेही समजू शकते.

सकाळची पहिली लघवी घ्या. रात्रभरात ती दाट झालेली असते. चाचणीच्या आधी तांब्याभर पाणी पिऊ नका. लघवी स्वच्छ, कोरड्या वाटीत घ्या. पाकिटावरची मुदत बघा, पाकीट त्याच वेळी फोडा. सोबतच्या ड्रॉपरने गोल खाचेत पाकिटावर लिहिलेत तितके थेंब टाका, बहुतेक किटमध्ये तीन असतात. पट्टी सपाट जागेवर ठेवा आणि घड्याळ लावा. साधारण पाच मिनिटांनी बघायचं.

"सी"समोर एकच रेघ असेल तर निगेटिव्ह. "सी" आणि "टी" दोन्हींसमोर रेघा असतील तर पॉझिटिव्ह. "सी"समोर रेघच नसेल तर किट खराब, दुसरी आणा. सगळा गोंधळ असतो तो "टी"च्या पुसट रेघेचा. दिलेल्या वेळेत दिसलेली, रंग असलेली पुसट रेघ बहुधा पॉझिटिव्हच असते. दोन दिवसांनी पुन्हा चाचणी करा. गर्भ असेल तर एचसीजी दर दोनेक दिवसांनी जवळपास दुप्पट होत जातं, म्हणून रेघ ठळक झालेली दिसेल. पण किट कचऱ्यात टाकून अर्ध्या तासाने पुन्हा उचलून बघितली आणि राखाडी सावली दिसली, तर ती लघवी वाळल्याची खूण. ती मोजायची नाही. हे उचलून बघणं जवळजवळ प्रत्येकजण करते, म्हणून मुद्दाम सांगितलं.

वाट बघणं अशक्यच होत असेल तर लॅबमध्ये रक्ताची बीटा-एचसीजी चाचणी होते. ती लघवीच्या चाचणीपेक्षा काही दिवस आधी सांगू शकते. रिपोर्टवर आकडा येतो. पाचच्या खाली म्हणजे निगेटिव्ह. पण संबंधानंतर आठव्या दिवशी केली तर तीही उपयोगाची नाही.

निगेटिव्ह आलं, पाळी मात्र येत नाही

२१ दिवसांनंतर केलेली चाचणी निगेटिव्ह असेल तर गर्भाची भीती सोडून द्या. मनाला पटत नसेल तर आठवड्याने एकदा आणखी करा, रोज नको. आता पाळी का अडलीय हा वेगळा प्रश्न. गोळी हे एक कारण झालंच, पण परीक्षा, रात्रपाळी, नुकताच येऊन गेलेला ताप, झपाट्याने कमी-जास्त झालेलं वजन, पीसीओडी (अंडाशयाचा एक विकार), थायरॉइड, अंगावर पाजणं, यांनीही पाळी लांबते. शेवटच्या पाळीला सहा-सात आठवडे होऊनही काही हालचाल नसेल तर डॉक्टरांना दाखवा. एकाच महिन्यात दोन-तीनदा गोळी घेतली असेल तर चक्राचा पार विचका झालेला असतो. तो पुढच्या एक-दोन महिन्यांत आपोआप रुळावर येतो. पुढे मूल व्हायला या गोळीने अडचण येते, हा समज खोटा आहे.

या टप्प्यावर घरचे आणि मैत्रिणींचे उपाय सुरू होतात: कच्ची पपई, तिळाचा काढा, गूळ-ओवा, गरम पाण्याच्या पिशव्या. पपई खाऊन पाळी येत नाही आणि गर्भही पडत नाही. आवडत असेल तर खा, हिशोब मात्र तिच्यावर ठेवू नका. काढ्यांचा मारा करून पोट बिघडलं की त्याच कळा पाळीच्या वाटायला लागतात आणि भ्रमात भर पडते.

खरी काळजी गोळ्यांची. गौरी-गणपती, लग्न, घरातली पूजा आली की पाळी लांबवायच्या गोळ्या आमच्याकडे सर्रास मागितल्या जातात. त्या नॉरेथिस्टेरॉनच्या. तातडीची गोळी घेतलेल्या महिन्यातच या गोळ्याही घेतल्या असतील, तर पाळीची तारीख हे गणितच उरत नाही, कारण त्या चालू असेपर्यंत पाळी येणारच नाही. अशा वेळी फक्त २१ दिवसांची चाचणी धरा. आणि चाचणी न करता कुणाच्या सांगण्यावरून "पाळी आणायच्या गोळ्या" घेऊ नका. त्या गर्भ पाडत नाहीत. दिवस गेले असतील तर पाळी येणार नाही, आणि "गोळ्या चालू आहेत, येईल" म्हणत तुमचे दोन आठवडे हकनाक जातील.

थांबायचं नाही अशा वेळा

ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखणं, चक्कर, घाम सुटणं, खांद्याच्या टोकाला दुखणं, सोबत थोडंफार रक्त जाणं: चाचणीचा दिवस आला असो वा नसो, लगेच दवाखान्यात जा. गर्भ गर्भाशयात न रुजता नळीत रुजला असेल तर नळी फुटून आत रक्तस्राव होऊ शकतो. गोळीने असा गर्भ राहतो असं नाही, पण गोळी घेऊनही दिवस राहिले असतील तर ही शक्यता तपासावीच लागते. १०८ वर फोन करा आणि गोळी घेतल्याचं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. तासाला एखाददोन पॅड भिजतील इतका रक्तस्राव दोनेक तास चालू राहिला, तरीही हेच.

पॉझिटिव्ह आलं तर

आधी एक हिशोब समजून घ्या, नाहीतर डॉक्टरांच्या केबिनमध्ये धक्का बसतो. गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. संबंध येऊन चार आठवडे झाले असतील तर डॉक्टर "सहा आठवडे" म्हणतील. यात कुणाचं काही चुकलेलं नसतं. खूप लवकर केलेल्या सोनोग्राफीत काही दिसलं नाही तर आठवड्याने पुन्हा बोलावतात, तेही नेहमीचंच.

गर्भ ठेवायचा असेल तर घेतलेल्या गोळीने बाळाला अपाय होत नाही. निश्चिंत मनाने नाव नोंदवा.

ठेवायचा नसेल तर कायदा तुमच्या बाजूचा आहे. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं. गर्भनिरोधक साधन फसलं हे कारण आता लग्न झालेल्या आणि न झालेल्या, दोघींनाही चालतं. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीला, काही ठरावीक स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढवणाऱ्या तरतुदीतूनही वगळता येणार नाही असा निकाल दिला. तुमचं वय १८ पूर्ण असेल तर सही फक्त तुमची लागते. नवऱ्याची नाही, आई-वडिलांची नाही. कुणी "नवऱ्याला घेऊन या" म्हणालं तर तो त्यांचा रिवाज असेल, कायदा नव्हे. दुसरे डॉक्टर गाठा. वय १८ च्या आत असेल तर पालकांची संमती लागते आणि डॉक्टरांना पोक्सोखाली (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) पोलिसांना कळवावं लागतं. मात्र मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर तिची ओळख उघड न करता कळवता येतं, असं त्याच निकालात म्हटलं आहे.

नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात होऊ शकतो. त्या दोन प्रकारच्या गोळ्यांचं किट डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नसतं. तरी ते काही ठिकाणी मागच्या दाराने मिळतं, हे मी या धंद्यात असून नाकारणार नाही. असं घेऊ नका. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्या त्याला काही करत नाहीत, आणि रक्त गेलं म्हणजे झालं असं समजून बाई घरी बसते.

पाळी आली, आता पुढे

तातडीची गोळी महिन्याकाठी घ्यायची नसते. शरीराची कायमची हानी होते म्हणून नव्हे, तर रोजच्या साधनांपेक्षा ती जास्त वेळा फसते आणि दर खेपेला हाच महिना पुन्हा भोगावा लागतो. लेव्होनॉरजेस्ट्रेल घेतल्यावर रोजच्या गोळ्या त्याच दिवसापासूनही सुरू करता येतात, फक्त पहिले सात दिवस सोबत कंडोम वापरायचा. सरकारी दवाखान्यात माला-एन ही रोजची गोळी मोफत मिळते. "अंतरा" हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं असतं. "छाया" ही संप्रेरक नसलेली गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा. अंतराने पाळी अनियमित होते किंवा थांबते, छायाने काहींची लांबते, म्हणून पाळी चुकली की ज्यांची झोप उडते त्यांनी सुरू करण्याआधी हे डॉक्टरांशी बोलून घ्यावं. अशांना कॉपर-टी जास्त मानवते. तिने पाळी वेळेवर येत राहते, फक्त पहिले काही महिने जास्त जातं आणि दुखतं. ३८०-ए प्रकारची दहा वर्षं चालते, ३७५ पाच वर्षं, आणि मूल हवं झालं की कधीही काढता येते. यांतलं काही ठरेपर्यंत कंडोम वापरा. तो उन्हात तापणाऱ्या गाडीच्या डिकीत किंवा महिनोन्महिने पाकिटात ठेवू नका. आमच्याकडे "फाटला" म्हणून जे येतात, त्यांचे बरेचसे कंडोम तिथेच ठेवलेले असतात.